लेक पुण्यात, रजाई सांगलीवालीला

माझी लेक पुण्याला शिकायला गेली, त्याच वर्षी मी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला दर रविवारी पोटभर जेवू घातलं, आणि आमच्या गल्लीत माझं फार कौतुक झालं. "भाभीजी का दिल बहुत बड़ा है," असं शेजारच्या काकीजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी वरवर "छे हो, त्यात काय एवढं" म्हणायचे आणि आतून फुगायचे. आता ते आठवलं की कानशिलं तापतात. पण सांगायचंच तर पहिल्यापासून सांगायला हवं.

आम्ही झाशीचे मराठी. पूर्वज कधीतरी कारभारात इकडे आले ते इकडचेच झाले. आता दतिया गेटजवळ आमचं साधं दोन मजली घर आहे, नवरा बँकेत आहे आणि मी मोठ नावाच्या गावी तहसील कचेरीत बाबू. रोज बसनं मोठला जाते, रोज बसनं येते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा आमचा कारभार. मराठीसुद्धा कसली म्हणा, निम्मी खिचडीच. माझे सासरे, नाना, तेवढे कडक. पोळीला कुणी रोटी म्हटलं की ते ताट पुढे सरकवून म्हणायचे, "मग मला नको." माझ्या लेकीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. नाना मराठीत रागवायचे, ती हिंदीत उलटून बोलायची, मुद्दाम "नानाजी, रोटी लीजिए" म्हणायची, आणि दोघांचं झकास जमायचं.

बारावी झाल्यावर तिला ग्वाल्हेरला जायचं होतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिकडेच चालल्या होत्या, शनिवारी निघालं की संध्याकाळी घरी. पण नानांनी धोशा लावला, "इतक्या पिढ्यांनी घरातलं कुणीतरी देशावर परत जाईल. पुण्याला पाठवा." आणि खरं सांगू का, नानांचं नाव पुढे करायचं कारण नाही. माझंच डोकं फिरलं होतं. मला वाटलं, पोरगी चार वर्षं पुण्यात राहील, आपल्या माणसांत राहील, नीट मराठी बोलायला लागेल. ती म्हणाली, "मम्मी, वहाँ मेरा कोई नहीं है." मी म्हटलं, "अगं, सगळं पुणं तुझं आहे. वेडी कुठली!"

निघताना तिला तिची रजाई न्यायची होती. पिस्ता रंगाची, दर दिवाळीआधी आम्ही कापूस पिंजून पुन्हा भरून घेतो ती. कापड तिनं आठवीत असताना बड़ा बाज़ारात हट्ट करून घेतलं होतं, दुकानदारानं सगळे ठाण उलगडून दाखवले तेव्हा कुठे बाईसाहेबांना पसंत पडलं. मी ती रजाई बॅगेतून बाहेर काढली. "पुण्यात कुठली आलीय थंडी? उगाच बोजा." तिनं ती परत आत घातली, मी परत बाहेर काढली. शेवटी तिनं सोडून दिलं. माझ्या हट्टापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही, हा माझा लौकिकच आहे.

पहिल्या आठवड्यात ती रोज फोन करायची आणि रोज रडायची. "मुझे नहीं रहना यहाँ. यहाँ सब अलग हैं." मी विचारायचे, "अलग म्हणजे काय अलग?" ती म्हणायची, "बस, अलग हैं." मला चीड यायची. आपल्या मुलखात, आपल्या माणसांत ठेवलंय, मेसमध्ये वरण-भात आहे, हिला काय झालंय रडायला? नवरा एकदा जेवताना म्हणाला, "तू लगेच फोन घेतेस म्हणून ती रडते." तो नुसतं बोलून गेला, नियम मी केला. लेकीला सांगितलं, आता फक्त रविवारी बोलायचं, रोज रोज घर आठवत बसलीस तर मन रमणार नाही. ती "ठीक है" म्हणाली. मला वाटलं, जमलं बाई. पोरं वाढवायची तर थोडं काळीज घट्ट करावंच लागतं, असं मी ऑफिसात चार जणींना ऐकवलंसुद्धा.

त्यानंतरच्याच मंगळवारची गोष्ट. मी मोठहून झाशीला परत येत होते. बसमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली, मांडीवर कॉलेजची बॅग. तिच्या दोन मैत्रिणी पुढच्या सीटवर हिंदीत खिदळत होत्या. ही मात्र खिडकीकडे तोंड करून फोनवर मुसमुसत होती. मी कान दिला नव्हता, पण शब्द आपले आपण कानात शिरले. "आई, मला इथे कुणाचं बोलणं कळत नाही गं. आमटी मागितली तर डाळीचं पाणी वाढतात. मला घेऊन जा ना."

काय झालं कुणास ठाऊक, मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "रडू नको गं बाळा. कुठली तू?"

तिनं असं वळून पाहिलं! डोळे भरलेले आणि तोंड उघडंच. मग फोनमध्ये ओरडली, "आई, बसमध्ये एक बाई मराठी बोलतायत!" ती सांगलीची होती. इथल्या शेतकी कॉलेजात पहिल्या वर्षाला आली होती आणि मंडीत धान्याचे भाव कसे ठरतात ते बघायला वर्गासोबत मोठला गेली होती. मी सरळ तिच्या हातातून फोन घेतला. "वहिनी," मी तिच्या आईला म्हटलं, "अजिबात काळजी करू नका. झाशीत तुमचं घर आहे असं समजा. ती माझीच लेक." पलीकडून ती माउली रडायलाच लागली.

हे मी मंगळवारी बोलले. त्याच दिवशी सकाळी मी बसस्टँडवर उभी असताना माझ्या स्वतःच्या लेकीचा फोन आला होता. मी तो उचलून म्हटलं होतं, "आज मंगळवार आहे ना? रविवारी बोलू," आणि ठेवला होता. एकाच दिवसात, एकाच बाईच्या तोंडून ही दोन्ही वाक्यं निघाली आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हणजे तेव्हा नाही दिसलं.

त्या रविवारी सांगलीवाली जेवायला आली. आम्ही घरात तिला सांगलीवालीच म्हणायचो, तिलाही ते आवडायचं. नानांनी सकाळीच इस्त्रीचा सदरा घातला होता. मी कटाची आमटी आणि पुरणपोळी केली. ती दारातून आत आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, किती छान वास येतोय!" बस. नाना खल्लास. इतक्या वर्षांनी त्यांना घरात नातीच्या वयाचं कुणीतरी असं भेटलं होतं की ज्याला मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर मिळे. मी तिला म्हटलं, "फडताळातलं ते ओगराळं दे गं," तर ती हसत सुटली. "काकू, हे तर माझ्या पणजीचे शब्द! आणि मध्येच तुम्ही 'एकदम बढिया' म्हणता. तुमची मराठी कसली गोड आहे हो." आम्हीही हसलो. आपल्याच घरात, आपल्याच पाटावर बसून कुणी आपल्या बोलण्याला हसलं तर गोडच वाटतं.

निघताना ती म्हणाली, "थँक्यू, काकू." मी तिच्या गालावर चापटी मारली. "घरात थँक्यू म्हणतात होय गं?" तरी ती दर वेळी म्हणायचीच. वळण चांगलं होतं पोरीचं.

संध्याकाळी लेकीचा रविवारचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं रंगवून सांगितलं. काय काय केलं, किती जेवली, नाना किती खूश झाले. ती ऐकत होती. "अच्छा," म्हणाली. मग मी म्हटलं, आणि हे माझे शब्द आहेत, यातला एकही मी बदललेला नाही, "बघ ती. परक्या मुलखात आलीय बिचारी, तरी कशी मिसळली. तू तर आपल्या माणसांत आहेस."

पुढच्या एका रविवारी तिनं विचारलं, "मम्मी, महेरी कैसे बनाते हैं? यहाँ रूम में इंडक्शन है." महेरी म्हणजे ताकात शिजवलेला जाडसर दलिया. इकडच्या घरोघरी होतो. शेजारच्या काकीजींकडे खाऊन खाऊन लेकीला त्याची चटक लागली होती. नाना त्याला नाक मुरडायचे. मी म्हटलं, "शाबास! पुण्यात जाऊन महेरी खाणार? अगं, थालीपीठ खा, मिसळ खा. इथे मिळत नाही ते खा ना." ती म्हणाली, "हाँ, वो भी खाती हूँ." कृती मी सांगितलीच नाही. दोन मिनिटांचं काम होतं. दही घुसळ, पाणी घाल, दलिया सोड, ढवळत राहा. एवढंसुद्धा माझ्यानं झालं नाही, आणि सांगलीवालीला मटकीची उसळ हवी म्हणून मी दोन दिवस आधी मटकी भिजवून मोड आणत होते.

नवरात्र गेलं. सांगलीवाली आता शनिवारीच यायला लागली आणि लेकीच्या खोलीत झोपायला लागली. खोली रिकामीच होती, त्यात काय. तिची तेलाची बाटली आरशापुढे राहिली, दोन पुस्तकं टेबलावर राहिली, स्लिपर दाराशी राहिल्या. सकाळी गारवा पडायला लागला तशी मी पिस्ता रजाई नव्यानं भरून आणली आणि तिच्या पलंगावर ठेवली. लेकीच्या पलंगावर, असं म्हणायला हवं. बघा, अजूनही जीभ कशी घसरते.

दिवाळीत लेकीला यायचं होतं. गाड्यांना भलं मोठं वेटिंग होतं. ती म्हणाली, "जनरल में आ जाऊँगी, मम्मी. खड़े खड़े आ जाऊँगी." मी घाबरले, ते खरं. एकटी पोर, दिवाळीची गर्दी, एवढा लांबचा प्रवास. कुठलीही आई नाही म्हणाली असती. पण नाही म्हणताना माझ्या मनात नुसती भीतीच होती का? नाही. सांगलीवालीलाही तिकीट मिळालं नव्हतं, ती आमच्याकडे राहणार होती, आणि मी तिच्यासाठी चकल्यांची भाजणी आधीच भाजून ठेवली होती. घर भरलेलं असणारच होतं. लेकीची उणीव मला जेवढी भासायला हवी होती तेवढी भासत नव्हती, हे मी आज उघड सांगते. मी तिला म्हटलं, "तू आत्याकडे जा. पुण्याची अस्सल दिवाळी बघून घे." पुण्यातली ही आत्या म्हणजे माझी लांबची चुलत नणंद. लेकीनं तिला जन्मात एकदा पाहिलेलं.

दिवाळीच्या पहाटे सांगलीवाली न्हाऊन, केसांना पंचा बांधून, रजाईत गुरफटून नानांच्या शेजारी चहा पीत बसली होती. नाना इतके खुशीत होते की त्यांनी फोटो काढून घराच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दिवाळीची पहाट. घरात मराठी किलबिल." थोड्या वेळानं लेकीचं उत्तर आलं. "खूप छान. सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा." देवनागरीत, एकही हिंदी शब्द नाही. मी फोन घेऊन घरभर नाचले. "अहो, बघा! पोरीनं मराठीत लिहिलं!"

त्यानंतर सगळे रविवार बदलले. "हॅलो आई, कशी आहेस?" असा फोन सुरू व्हायचा. मम्मीची आई झाली होती. वाक्यं अगदी सुबक यायची, एकही अडखळत नसे. मी स्पीकर लावायचे आणि नानांना जवळ बसवायचे. नानांचे डोळे पाणवायचे. "पुण्याचं पाणी लागलं हो," मी म्हणायचे. ती रडायची नाही, हट्ट करायची नाही, अभ्यास चांगला चाललाय म्हणायची, सांगलीवालीची आठवणीनं चौकशी करायची, आणि फोन लवकर संपायचा. मला वाटलं, रमली एकदाची. मी सुटले.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी सांगलीवालीला घेऊन बड़ा बाज़ारात गेले होते. तिथे एक टिक्कीवाला आहे, माझी लेक शाळेत असल्यापासून त्याच्याकडे खायची. त्यानं मला बघताच विचारलं, "बिन्नू नईं आईं दिवाली पे?" इकडे लाडानं मुलीला बिन्नू म्हणतात. मी म्हटलं, "नहीं भैया, टिकट नहीं मिला." त्यानं सांगलीवालीकडे एकदा पाहिलं आणि टिक्की परतायला लागला. मला उगाचच त्याचा राग आला. याला काय करायचंय?

परत येताना मी लेकीची तारीफ सुरू केली. म्हटलं, "अगं, आता तुझ्यासारखी मराठी बोलते ती. तीन-चार महिन्यांत! ऐकत राहावंसं वाटतं."

सांगलीवाली हसली. "बोलावंच लागलं असेल हो, काकू. आमच्या ज्युनिअर कॉलेजात इंदूरकडून एक मुलगी आली होती. मराठीच होती, पण तिची मराठी ऐकून आम्ही इतकं हसायचो! तिच्यासमोरच नकला करायचो. मग ती बोलेचना. आणि नंतर एकदम शुद्धच बोलायला लागली."

"मग? मैत्री झाली का तुमच्याशी?"

"नाही हो. डबा एकटीच खायची ती." हे बोलता बोलताच तिचा आवाज खाली गेला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "काकू, तुमच्या मुलीचं तसं नसेल हं. पुण्यातली मुलं समजूतदार असतात."

मी "हो हो" म्हटलं. रस्त्यात ई-रिक्षावाले ओरडत होते, माझ्या हातात भाजीची पिशवी होती, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. 'यहाँ सब अलग हैं.' पोरगी पहिल्याच आठवड्यात सांगत होती. ती तिकडची नव्हतीच. ती झाशीची होती, टिक्कीवाल्याची बिन्नू होती, काकीजींच्या महेरीवर वाढलेली. परक्या मुलखात तीच गेली होती, आणि मी बाई बसमधल्या मुलीला परकी समजून कवटाळत होते. त्या पोरीचा काही दोष नाही. ती आली, जेवली, हसली, बस. आंधळी मी होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचल्या पोचल्या मी लेकीला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "आई? काय झालं? नाना बरे आहेत ना?"

"नाना एकदम ठीक आहेत. का गं?"

"आज रविवार नाहीये."

बाहेर व्हरांड्यात जमिनीच्या नकला घ्यायला लोकांची रांग लागली होती, सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे वळून हिंदीत विचारलं, तिच्या-माझ्या हिंदीत, "बेटा, वहाँ कोई हँसता है क्या तुझ पे?"

ती मग मराठीत म्हणाली, "आता नाही हसत."

"आणि आधी?"

"सोड ना, आई. आता मला नीट येतं."

"मला सांगायचंस ना गं!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालीस, आपली माणसं आहेत." आवाजात राग नव्हता. क्लासची वेळ झालीय म्हणून तिनं फोन ठेवला. मी टेबलाशी येऊन बसले आणि त्या दिवशी दोन जणांवर विनाकारण खेकसले.

त्यानंतर मी रोज फोन करायला लागले. ती रोज उचलायची, रोज नीट बोलायची. मी हिंदीत बोलले तरी ती मराठीतच उत्तर द्यायची. महेरीची कृती मी आपणहून सांगितली, तर म्हणाली, "अगं, आता नको. मला इथलं जेवण आवडतं." मीच तर सांगितलं होतं.

डिसेंबरच्या शेवटी सुट्टीत ती घरी आली. सांगलीवाली आपल्या गावी गेली होती. मी आदल्या दिवशी खोली आवरली, तेलाची बाटली, पुस्तकं, स्लिपर सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. रजाई गच्चीत उन्हात घातली, म्हणजे जेवढं ऊन होतं तेवढ्यात. धुक्यामुळे गाडी फार उशिरा, दुपारी आली. स्टेशनवर मी तिला मिठी मारली. बारीक झाली होती. मी म्हटलं, "ठंड लग रही है क्या?" ती म्हणाली, "नाही, आई. ठीक आहे मी."

घरी नाना दारातच उभे होते. तिनं वाकून नमस्कार केला, "कसे आहात, नाना?" नानांनी डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पानं वाढली. मी महेरी केली होती. नाना, ज्यांनी जन्मभर महेरीला नाक मुरडलं, त्यांनी आपणहून वाटी पुढे केली. मग घसा खाकरून ते मोठ्यानं लेकीला म्हणाले, "अगं, जरा रोटी दे मला."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता हसेल, आता म्हणेल, "क्या नानाजी, आज सूरज किधर से निकला?" तिनं डबा उघडला, एक पोळी काढून त्यांच्या ताटात वाढली आणि विचारलं, "अजून एक देऊ?" नाना मान खाली घालून जेवायला लागले.

महेरी तिनं सगळी संपवली. "छान झालीय," म्हणाली. मग स्वतःचं ताट उचलून मोरीत नेलं, विसळलं, आणि हातात वाटी घेऊन मला विचारलं, "ही कुठे ठेवू?" लहानपणापासून ती वाटी एकाच जागी असते.

प्रवासानं दमली होती. मी म्हटलं, जा, जरा पड. थोड्या वेळानं मी तिच्या खोलीत डोकावले तर ती पलंगाच्या कडेला शाल लपेटून बसली होती. रजाई पायथ्याशी मी घडी घालून ठेवली होती तशीच होती.

"अगं, पांघरून घे ना. थंडी मरणाची आहे."

"मला एखादं जुनं पांघरूण दे ना, आई. काहीही चालेल."

"आणि ही काय आहे मग?"

"ती तिची आहे ना?" लेक म्हणाली. "फोटोत बघितली होती. जानेवारीत ती परत येईल, तेव्हा तिला लागेल."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर दिलं असतं, भांडले असते, दोघी रडलो असतो आणि मोकळ्या झालो असतो. पण तिनं ते अगदी समजुतीनं, दुसऱ्याच्या सोयीचा विचार करत म्हटलं होतं. "तुझी आहे गं ती," मी म्हटलं. "कापड तू पसंत केलंस, आठवत नाही? सगळं दुकान उलगडायला लावलं होतंस." ती म्हणाली, "हो, आठवतं ना."

मी रजाई उलगडली. तिला आडवं केलं, पायापासून खांद्यापर्यंत पांघरलं, कडा आत खोचल्या, लहानपणी खोचायचे तशा. मी म्हटलं, "माफ कर दे, बेटा. मुझसे बहुत बड़ी गलती हुई." तिनं माझा हात धरला, थोडा दाबला आणि सोडला.

"काहीच झालं नाही," ती म्हणाली. मग डोळे मिटता मिटता म्हणाली, "थँक्यू, आई."

आमच्या घरात कुणी कुणाला थँक्यू म्हणत नाही. ते फक्त सांगलीवाली म्हणायची.